पाहुण्याची तब्येत

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी वेळेवर जेवतो, पाणी उकळून पितो, तेव्हा त्याची काळजी नसावी. काळजी दुसरीच आहे.

गावात प्रथमोपचार शिकवायला संस्थेने मला एक रबरी पुतळा दिला आहे. श्वास थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते त्याच्यावर दाखवायचं. गावकरी त्याला पाहुणा म्हणतात. मी रोज शाळेच्या ओट्यावर पाहुण्याला आडवा करतो, घाम फुटेपर्यंत दाबतो आणि वर्ग संपला की पेटीत भरतो. परवा शिंपीणकाकूंनी सर्वांदेखत विचारलं, की इतके दिवस दाबताय, तो एकदा तरी वाचला का? रोज मरतो आणि रोज पेटीत जातो. अशा माणसाकडून आम्ही काय शिकायचं? काल वर्गाकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

लवकरच संस्थेच्या बाई पाहणीला येतील. गाव पास झालं तर मला कायम करतील. नाहीतर परत तुमच्याकडे येऊन भावोजींच्या दुकानात छत्र्यांच्या काड्या बसवायच्या. भावोजी काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणं फार ऐकू येतं. काय करू, ते उलट टपाली कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, उपदेश जरा जास्त चालेल.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

अरे शहाण्या, मग एकदा वाचव की त्याला! दाबून झालं की उठवून बसव आणि वाचला म्हणून सांग. रबराला कोण शपथ घालणार आहे? भावोजींनीही पत्र वाचलं. बोलले काही नाहीत, पण काड्यांचा एक गठ्ठा तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. तेव्हा हातपाय हलव.

आशीर्वाद पोटभर आहेत, जेवण तुझं तू बघ.

ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फसलो. पाहुणा वाचला. टाळ्या झाल्या, शिंपीणकाकूंनी डोळे पुसले. त्यांनी त्याला सदरा शिवला आणि दुकानाबाहेर कोवळ्या उन्हात खुर्चीवर बसवलं. वर्गात माणूस मावेना. पण सरावासाठी पुतळा मागितला की सगळे अंगावर येतात. मरता मरता वाचलेल्याला पुन्हा आडवा करणार, काही माणुसकी? न्हावीदादा रोज त्याची दाढी करतात. त्यांच्या मते पाहुण्याला अजून अशक्तपणा आहे, हवापालट झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

काल बाई आल्या. पेटी उघडून पाहिली तर रिकामी. रोगी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी खुर्चीकडे बोट दाखवलं. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी धाडकन पडलो.

पुढचं ऐकीव आहे. काकूंनी गर्दी मागे रेटली. न्हावीदादांनी श्वास तपासला, आणि तो चालू आहे हे कळल्यावर, माझी छाती दाबायला धावलेल्या दूधवाल्याच्या हातावर चापट मारली. मला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, तोंडात पाणी कोणी ओतलं नाही. सगळं मी शिकवलेलं, ताई!

बाईंनी गाव पास केलं आणि मलाही कायम केलं. मात्र शिकवायला नाही. रबराला लोक फार जीव लावतात, आणि इतका हुबेहूब पडणारा माणूस संस्थेत दुसरा नाही, असं त्या म्हणाल्या. आता गावोगाव काकू आणि न्हावीदादा शिकवणार, मी पडणार.

सोमवारी पहिलं गाव आहे. मी खोलीत गादी टाकून सराव करतो, पण मुद्दाम पडायला गेलं की हात आधी टेकतात. म्हणून बाईंना विनंती केली, की दर वर्गाला समोर उभं राहून माझ्याकडे तसंच बघावं. त्या हो म्हणाल्या. आता मी अगदी निश्चिंत आहे.

रागावलीस तरी चालेल, लोभ मात्र सोडू नकोस.

तुझा धाकटा