पुसायची परवानगी

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकली असशील, आणि मग इतक्या वर्षांनी पोरीला पत्र लिहायची बुद्धी झाली म्हणून हसली असशील. आत्या, हसू नकोस. फोन ऑफिसने दिलेला आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही ऑफिसचं मेल उघडतं. कुठून कोणाला काय दिसतं ते मला कळेनासं झालंय, म्हणून कागद.

आमची कंपनी इमारती तपासून त्या धडधाकट आहेत की नाहीत ते सांगते, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात मला एक प्रसूतिगृह दिलं. वर तीन मजले, खाली तळघरात गाड्या लावायची जागा. उतारावरून आत शिरल्यावर लिफ्टच्या खड्ड्याशेजारी जो खांब आहे, त्याला तिरकी चीर पडली आहे. अशा चिरेवर आम्ही काचेची पातळ पट्टी चिकटवतो. खांब हलत असेल तर काच तडकते. पुढच्या खेपेला गेले तेव्हा काच तडकलेली होती.

ऑफिसच्या फोनने फोटो काढले. ते आपोआप ऑफिसच्या साठ्यात जातात. दुसऱ्या दिवशी बघते तर फोल्डर रिकामं. आमच्या टायवाल्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, नेटवर्कचा घोळ असेल. पुन्हा गेले, पुन्हा काढले, पुन्हा गायब. मग साहेबांनी आत बोलावून, फार गोड आवाजात, तुम्हाला हल्ली झोप लागते का, असं विचारलं. चौकशी करणारा माणूस डोळ्यांत बघतो गं. ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते.

शेवटच्या वेळी मी माझा जुना कॅमेरा पर्समधून नेला. ते फोटो आहेत, आणि त्यांचं कार्ड पिठाच्या डब्यात आहे. आता खांबावर कोणीतरी गिलावा करून रंग फासलाय. वर बायका बाळंत होताहेत, आत्या. मी जिना चढून बघून आले आणि बघायला नको होतं असं झालं.

तू इतकी वर्षं कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळलीस. मला माझ्याच घरात, कोणाचा हात पोचणार नाही असं काहीतरी करून दे. यांना मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. ते आधीच काळजीने अर्धे होतात.

लोभ आहेच. सध्या या भित्र्या भाचीवर तो थोडा जास्त असू दे.

तुझी,
मुंगी

१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

घाबरलीस ते बरं केलंस. घाबरायलाही अक्कल लागते, आणि ती तू माझ्याकडून घेतलीस असं मी सगळ्यांना सांगणार आहे. आता डोकं थंड ठेव आणि वाच.

सोबत एक डबी पाठवते आहे. साबणाच्या वडीएवढी आहे, पण ती पुरता कॉम्प्युटर आहे. तिला एक हार्ड डिस्क जोडलेली आहे. मोठमोठे प्रोग्रॅम मी टाकलेले नाहीत. त्यांच्यात कॅलेंडर असतं, गप्पा असतात, नाना तऱ्हा असतात, आणि जितकी दारं जास्त तितक्या कड्या लावायच्या विसरतात. हा एकच छोटा प्रोग्रॅम आहे. एक फोल्डर सांभाळतो, आलेली फाईल ठेवतो, मागितली तर दाखवतो, आणि कोणी काय केलं त्याची नोंद ठेवतो. बास.

डबीची वायर राउटरच्या मागच्या भोकात घाल, वीज दे, हिरवा दिवा लागेपर्यंत धीर धर. लॅपटॉपवरून ऑफिसचं मेल कायमचं काढून टाक. मग ब्राउझरमध्ये डबीच्या पाठीवर चिकटवलेला पत्ता लिही. पासवर्ड इथे लिहीत नाही. लहानपणी माझ्याकडे राहायला आलीस की पहिल्या संध्याकाळी रडत जे वाक्य म्हणायचीस ते, सलग, मधे जागा न सोडता.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. बाहेरच्या जगासाठी दार उघडलेलंच नाही. फक्त तुझ्या घरातून माझ्या घरात एक बंद बोळ काढलाय, आणि तुझ्याकडे पडलेली प्रत्येक फाईल त्यातून माझ्या कपाटातल्या तशाच डबीत येईल. दुसरी गोष्ट, तुझ्या खात्याला फाईल ठेवता येईल, बघता येईल, डिलीट करता येणार नाही. चिडू नकोस. धमकावलेल्या माणसाच्या हाताखाली पुसायचं बटण नसावं, इतकंच.

जावईबापूंना सांग. माणूस घाबरट असेल, पण घरातला आहे. जेवत जा. माझे गुडघे माझ्यापेक्षा आधी म्हातारे झाले, बाकी ठीक.

आशीर्वादांचा साठा आहे, लागतील तितके घे.

तुझी,
आत्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डबी पोचली, लागली, हिरवा दिवाही लागला. पडद्यावर पांढरं पान उघडलं आणि त्यावर एक रिकामं फोल्डर. इतकी साधी गोष्ट बघून मला रडू आलं. पिठाच्या डब्यातलं कार्ड काढून सगळे फोटो चढवले. नावांसमोर तारखा दिसल्या आणि जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथे राहिला नाही. मी सुट्टीच्या दिवशी पुन्हा तळघरात गेले. नव्या गिलाव्यातून तीच चीर बाहेर आली आहे, आता नख शिरेल एवढी. शेजारच्या खांबालाही केसासारखी रेघ आहे. फोटो काढत होते तेव्हा उतारावर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. इंजिन चालू, कोणी उतरेना. मी लिफ्टने वर गेले आणि बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडले. घरी आले तर किल्ली कुलपात जाईना.

पण खरी भीती याहून वेगळी आहे. ते फोटो ठेवताना तू सांगितलेली नोंद सहज उघडली. आदल्या दुपारी, मी कामावर असताना, माझ्या खात्यातून फायली डिलीट करायचा प्रयत्न झालाय. एकेक फाईल. प्रत्येकीपुढे ‘परवानगी नाही’. मग पूर्ण फोल्डर, आणि पुन्हा तेच. मला वाटलं ऑफिसवाले घुसले. पत्ता नीट वाचला तर तो बाहेरचा नाही, आपल्याच राउटरमधला. आमच्या लॅपटॉपचा.

आत्या, या घरात दोनच माणसं राहतात.

मी यांना काही विचारलेलं नाही. रात्री एकाच ताटलीतून फळं खाल्ली, आणि यांचा हात माझ्या हाताला लागला तर मी दचकले. यांनी ते पाहिलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या श्वासाच्या आवाजावर मला झोप लागते, तो माणूस कोणाचा आहे हेच मला कळत नाहीये.

लवकर लिही. लोभ राहू दे, आता तोच एक भरवशाचा आहे.

मुंगी

२४ फेब्रुवारी

ती. आत्याबाई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी आपल्याला कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलंमाकलं पोटात घालावं. आपल्या भाचीच्या घरातली ती डबी आपण पाठवलीत हे मला पार्सलवरच्या अक्षरावरून कळलं. कृपा करून तिच्यातलं सगळं काढून टाका. मी प्रयत्न केला. मला जमलं नाही.

तिचे साहेब माझ्या चष्म्याच्या दुकानात आले होते. नंबर तपासून घ्यायला. मी त्यांच्या डोळ्यांवर चौकट चढवली, काचा बदलत होतो, आणि ते समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता त्याच सुरात म्हणाले की तुमच्या मिसेस फार मन लावून काम करतात, पण रस्ता ओलांडताना त्यांचं लक्ष नसतं, त्यांच्याकडे कंपनीचे काही फोटो आहेत ते गेले की त्यांचंही मन हलकं होईल. मग पुढची ओळ वाचली. सगळी अक्षरं बरोबर. चष्मा त्यांना नकोच होता.

घरी येऊन बघतो तर लॅपटॉपवर ते पान उघडंच होतं. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मग मी काय केलं असतं? तळघरात काय आहे ते फोटोत मीही पाहिलं. पाहूनही डिलीट दाबत राहिलो. मला वरच्या बायकांची काळजी वाटली नाही, आत्याबाई. मला फक्त ही हवी आहे.

आपण मोठ्या आहात, मार्ग दाखवा.

आपला,
जावई

२ मार्च

चि. मुंगी आणि चि. जावईबापू यांस,
आशीर्वाद.

तुम्ही दोघांनी एकाच घरातून, एकाच टेबलावर बसून, एकमेकांपासून लपवून मला पत्रं लिहिलीत. ती एकाच दिवशी आली. दोन्ही या पाकिटात परत घातली आहेत. मुंगी, तू त्याचं वाच. जावईबापू, तुम्ही तिचं. शेजारी बसून वाचा.

वाचलंत? आता ऐका. फोटो माझ्या कपाटात पोचले आहेत, तेव्हा तिथली डबी फोडलीत तरी उपयोग नाही. जावईबापू, तुम्हाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण ज्याने धमकी दिली त्याचं काम फुकटात करून द्यायला निघाला होतात. फोटो असेपर्यंत त्यांना तिची भीती आहे. ते गेले की तिला काही झालं तर विचारणारं कोणी उरत नाही.

मी फोटो मोठे करून पाहिले. खांबातलं मला कळत नाही, पण दोन तारखांच्या फोटोंतली चीर शेजारी ठेवली तर आंधळ्यालाही दिसेल. पालिकेच्या इमारत खात्यात जा. दोघं जा. डबी सोबत न्या, वायर थेट लॅपटॉपला लावा आणि त्यांना तिथेच तिचं पान उघडून दाखवा. मलाही इथे भीती वाटते. काल दाराची बेल वाजली तर मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. दूधवाला होता.

पत्र पोचताच निघा, चहासुद्धा घेऊ नका.

तुमची,
आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे आम्ही शेजारी बसून वाचलं. यांनी माझं पत्र संपवलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी भांडणार होते, शब्द तयार होते. पण ‘मला फक्त ही हवी आहे’ वाचल्यावर कसली भांडते. आम्ही उठून निघालो.

इमारत खात्यातल्या बाई पहिल्यांदा कंटाळलेल्या होत्या. मी डबी लॅपटॉपला जोडली, तिचं पान उघडलं. त्यांनी एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, मग खुर्ची जवळ ओढली. साध्या गिलाव्याला तडे जातात, असंही म्हणाल्या. तेव्हा यांनी, माझ्या नवऱ्याने, नोंदीचं पान उघडलं आणि सांगितलं की हे डिलीट करायला मला धमकावलं होतं, आणि करणारा मीच आहे. बाईंनी कोणालातरी फोन करून टेकूचं लोखंड आणि गाड्या मागवल्या.

प्रसूतिगृह रिकामं करायला दुपार झाली. एका बाईला कळा सुरू होत्या, तिला खाटेसकट उतरवलं. आमचे साहेब आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की या मुलीचं डोकं ठिकाणावर नाही. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ सुनेची पिशवी धरून माझ्या अंगावर ओरडले की खोटं निघालं तर बघून घेईन. मलाही वाटलं, खोटं निघालं तर?

टेकू उतरवायला माणसं आत जाणार, तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नाही गं. कोणीतरी जड कपाट ओढावं तसा. मग उताराच्या तोंडातून धूळ बाहेर आली आणि दर्शनी भिंत एका बाजूला खचली. आत कोणी नव्हतं. सगळे मोजून झाले, पुन्हा मोजले, खरंच कोणी नव्हतं. ते म्हातारे गृहस्थ पिशवीसकट रस्त्यावरच बसले.

नोकरी गेली. बिल्डरला सांभाळायला चीर लपवली म्हणून साहेबांची चौकशी चालू आहे, आणि ती चालू असेपर्यंत हे मला रोज आपल्या दुकानात सोबत नेतात आणि सोबत आणतात. पांढरी गाडी दिसली की आम्ही दोघंही पावलं उचलतो.

काल त्या खात्यातल्या बाई घरी आल्या. त्याच बिल्डरची आणखी एक इमारत आहे, खाली तळघर, वर मुलांची शाळा. तुम्ही बघाल का, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले की नाही म्हणालीस तरी तुला कोणी नावं ठेवणार नाही, मी तर मुळीच नाही. मग स्वतःच दाराजवळ जाऊन बूट घालायला लागले.

आज सकाळी गेलो. हे वर उताराच्या तोंडाशी माझी पर्स धरून उभे राहिले. मी बॅटरी लावली आणि खाली उतरले. पहिल्या खांबाला हात लावला. वर मुलं धावत होती, ते खांबातून हाताला कळत होतं.

आशीर्वाद दे. पाठीवर हात ठेवल्यासारखा.

तुझी,
मुंगी