भरल्या घागरीनं रस्ता ओलांडताना

बाई, काल इथं नांदेडजवळच्या एका शाळेत पोरांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवायला मला बोलावलं होतं. हिचा आवाज एवढा मोठा की माईक लागायचा नाही, असं मुख्याध्यापक कुणाला तरी हसत सांगत होते. शाळा हमरस्त्याला लागून. यंदाही पाऊस नाही, आणि टँकर उभा राहतो रस्त्याच्या पलीकडे. मी फक्की मागवली, मैदानात वाकून रस्त्याची पहिली पांढरी रेघ ओढली आणि हात थांबला. तुम्ही आमच्या शाळेतून बदलीवर उदगीरला गेलात त्याला किती वर्षं झाली. पण त्या रेघेच्या टोकाला, पदर खोचून, तुम्हीच उभ्या होतात.

लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हा. आमच्या निलंग्याच्या रस्त्याला एकाएकी घाई सुटली होती. बैलगाड्या आणि अधूनमधून एसटी एवढंच ठाऊक असलेल्या त्या रस्त्यावरून नव्या कचेऱ्यांसाठी वाळूचे, सिमेंटचे ट्रक धावायला लागले. त्यात दुष्काळ. टँकर रिकामा व्हायचा तो गावातल्या विहिरीत, रस्त्याच्या पलीकडे. आमची बौद्धवस्ती अलीकडे. त्यानं अलीकडेही यावं, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. विहिरीवर आधी शेतवाल्यांच्या घागरी भरायच्या, आमची पाळी शेवटी, तळातल्या गढूळ पाण्याची. ते डोक्यावर घेऊन आम्ही नऊ-दहा वर्षांच्या पोरी रस्ता ओलांडायचो. आधी ट्रकाखाली वस्तीतली एक शेळी गेली, मग एक म्हातारा गेला, आणि तुम्ही फक्की घेऊन मैदानात उतरलात. आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. ट्रक तुम्हीच व्हायचात, तोंडानं हॉर्न वाजवत धावून यायचात, आणि आम्ही हसून लोळायचो. सगळ्यांत पक्कं पाठ माझं होतं.

आणि एका संध्याकाळी तुम्ही एसटीची वाट बघत थांब्यावर उभ्या आहात, आणि मी भरली घागर घेऊन, सरळ नाकासमोर बघत रस्त्यावर उतरते. ब्रेक करकचतात. ड्रायव्हर खिडकीतून माझ्या आईला शिवी घालतो. मी तशीच, मान ताठ ठेवून, पलीकडून अलीकडे येते. तुम्ही हे सगळं बघितलंत. 

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घागर घेऊन मैदानात बोलावलंत. लातूरहून तुम्ही पिण्याच्या पाण्याचा कॅन एसटीतून आणायचात, त्यावर तुमचा आणि अर्ध्या वर्गाचा दिवस निघायचा. तो सगळा माझ्या जर्मनच्या पत्र्याच्या घागरीत ओतलात, घागर माझ्या डोक्यावर ठेवलीत आणि उजवीकडून हॉर्न वाजवलात. मी फक्त डोळे फिरवले. मान का फिरवत नाहीस, विचारलंत. "सांडंल की, बाई," मी म्हणाले. तुम्ही जागच्या जागी थांबलात. इतके दिवस तुम्ही रिकाम्या डोक्याच्या पोरांना शिकवत होतात, हे तेव्हा तुमच्या ध्यानात आलं असावं. मग म्हणालात, मान वळत नसेल तर पायांसकट सगळं अंग वळव, थांब, बघ. आणि गाडी अंगावर आलीच, तर घागर टाकून पळ. आता टाक.

मला टाकता येईना. बोटं काठाला चिकटून बसली होती. तुम्ही आवाज चढवलात, "टाक म्हणते ना!" सगळा वर्ग भोवती उभा. शेवटी तुम्हीच हाताच्या फटक्यानं ती पाडलीत. पाणी मातीत जाताना आवाजही झाला नाही. पोरं त्या ओल्या जागेकडे अशी बघत होती, की तुम्ही कुणाला मारलं असतंत तरी त्यांनी तसं बघितलं नसतं.

संध्याकाळी वस्तीतल्या बाया शाळेत आल्या, पुढं माझी आई. "तुमचं पानी एस्टीत बसून येतंय, बाई. आमचं पोरीच्या डोस्क्यावरनं येतंय. ते मातीत वतायला शिकवायलात व्हय?"  मग बायांच्या मागून आलेले माझे वडील पुढं झाले. मजुरी करणारा, पण हाताला लागेल ते वाचणारा माणूस. माझ्या बोलण्यातली आग त्यांची आहे. पोरांना ट्रकाला भ्यायला शिकवू नका, म्हणाले, पाणी रस्त्याच्या अलीकडं मागायला शिकवा. त्यांचं खरं होतं. आजही मी हे प्रत्येक सभेत सांगते. पण तुम्ही त्यांच्याकडे वळून एवढंच म्हणालात, "मागा की. मी पण येते मागायला. पण पाणी अलीकडं येईस्तोवर पोरं जिती ऱ्हायला पाहिजेत का नको?" वडील दोन पावलं मागं सरले. तसं मागं सरताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. आई मात्र घरी येऊन मला बजावत राहिली, घागर पडली तर घरात पाय ठेवू नको.

त्यानंतरचा प्रत्येक दिवस मी दोन आवाज डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला. तुमचा आणि आईचा. आणि मग तो दिवस येतो. मी रस्त्याच्या मध्यावर आहे, पायांसकट वळते, आणि निलंग्याकडून ट्रक येतोय, एसटीला मागं टाकत, माझ्याच बाजूनं. पलीकडे आई उभी आहे, तिच्याही डोक्यावर घागर. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, काय म्हणते ते ऐकू येत नाही. माझी बोटं काठावर. मला आठवतं ते एवढंच, की ती सुटली. चाकाखाली घागर चपटी झाल्याचा आवाज मी रस्त्याच्या कडेला, कोपरं खरचटलेल्या अवस्थेत ऐकला.

आईनं मारलं नाही.  ती चपटी घागर उचलून थेट शाळेत आली आणि तुमच्या टेबलावर ठेवली. आता भांडण होणार म्हणून आम्ही दाराशी गोळा झालो. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घरी एक धाकटी हाय, बाई. तिला बी शिकवा."

काल मी त्या पोरांना उजवं-डावं शिकवलं, खणखणीत आवाजात. मग पाणी कोण कोण आणतं ते विचारलं, आणि सगळ्या पोरींचे हात वर गेले. मागं त्यांच्या आया बसल्या होत्या. एका पोरीला पुढं बोलावून मी तिच्या डोक्यावर घागर ठेवली, आणि तुमच्यासारखीच म्हणाले, टाक. तिनं लगेच टाकली. पोरं हसली, आयांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी शाल दिली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. घागर रिकामी होती, बाई. भरून घ्यायचा मला धीर झाला नाही.