एका नावाचा एकच पास

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली एकदाची. सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोला नमस्कार केला, आईच्या पाया पडले आणि डोंबिवलीहून निघाले ती थेट वागळे इस्टेट. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना. दिवसभर धाडधाड चालू असते, पण आठवड्याभरात कान तयार होतात म्हणे. शेजारच्या टेबलावरच्या सोनलने पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली सुकटीची चटणी फस्त केली, म्हणजे आमचं जमणार. मालक राकेश सर. मोजकं बोलतात, पण पगार वेळेवर देतात असं सोनल म्हणाली. दुपारी आईला फोन केला. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. ती फोनवर इतकी हसली की मलाच रडू आलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज काम कळलं. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना जे पासवर्ड लागतात ते आम्ही एका ठिकाणी कुलपात ठेवतो. ऑफिसात त्याला तिजोरी म्हणतात. समजा, एखाद्या हॉस्पिटलच्या बिलाच्या सॉफ्टवेअरला पेशंटची माहिती उघडायचीय. पासवर्ड त्याच्याजवळ नसतो. ते तिजोरीच्या दारात येतं आणि आधी आपण कोण ते सिद्ध करतं. त्याला दोन गोष्टी लागतात, नाव आणि खूण. नाव काय, कोणालाही माहीत असतं. खूण मात्र बंद पाकिटात येते आणि ते पाकीट एकदाच उघडतं. खरं पाकीट नव्हे, कॉम्प्युटरमधलंच. दोन्ही जुळलं की तिजोरी थोड्या वेळाचा पास देते. तो संपायच्या आत नवा करून घ्यायचा, नाहीतर बाहेर. त्यात आमच्या सरांचा नियम असा की एका नावाला एकच पास, नवा दिला की जुना मेला. आम्ही माणसंही अशीच आत जातो. ऑफिसचं दारसुद्धा त्याच पासवर उघडतं.

तिजोरी तोंड बघत नाही, पुरावा बघते, असं सर सारखं म्हणतात. फळ्यावर लिहायचंच बाकी ठेवलंय.

गंमत म्हणजे माझी नवीन नोंद केलीच नाही. माझ्या आधी करिश्मा म्हणून होती, नोकरी सोडून गेली. तिच्या नोंदीवर बरीच सॉफ्टवेअर लटकलेली. ती पुसली तर सगळी बंद पडतील, म्हणून सरांनी काल फक्त तिचं नाव खोडलं आणि तिथे माझं टाकलं, मेघना. चालतंय ना, मग कशाला हात लावा. आपल्याकडे सगळं असंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या खुणेचं पाकीट उघडायला गेले तर तिजोरी म्हणते, आधीच उघडलेलं आहे. कोणी? तर मेघनाने. माझ्याच कॉम्प्युटरवरून. अगं, मी तेव्हा बेसिनवर डबा धूत होते. सोनल म्हणाली, तूच उघडलं असशील, नवीन नवीन होतं असं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बावळट आहे का? सरांनी दुसरं पाकीट दिलं, ते मी त्यांच्या समोरच उघडलं. पास मिळाला. राग काही गेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

काम करता करता माझा पास मेला. मेघनाने नवा घेतला होता. नाव बरोबर, खूण बरोबर, तिजोरीची काहीएक तक्रार नाही.

जेवणाच्या सुट्टीत खाली गेलेले, परत आले तर दार उघडेना. वॉचमन तानाजीकाका म्हणाले, मेघना मॅडम तर आत्ताच वर गेल्या. मी म्हटलं काका, मॅडम मीच ना. ते हसले. मग नीट बघितलं आणि हसायचे थांबले.

सोनलने आत घेतलं. म्हणाली, सकाळी टपरीवर तू आईच्या गुडघ्यांचं सांगत होतीस, त्यावर माझ्या मावशीकडे तेल आहे. मी टपरीवर गेलेच नव्हते. आईच्या गुडघ्यांबद्दल मी इथे कोणाशी बोललेलेच नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

करिश्माबद्दल विचारलं. सोनल आधी टाळत होती. मग म्हणाली, तू आलीस त्याच दिवशी गेटवर एक बाई आलेली. मी करिश्मा, चार्जर राहिलाय, म्हणत होती. सोनल स्वतः खाली गेली. दोन वर्षं करिश्माच्या शेजारी बसलेली ती, पण ही बाई तिला अनोळखी. आणि त्या बाईला मात्र सोनलचं सगळं माहीत. आंबिवलीला घरच्यांनीही दारातून हाकलल्याचं सांगून ती रडत होती. काकांनी तिला घालवून दिलं.

नाव तर आम्ही खोडलेलं. मग ती राहणार कुठे? तिच्या नोंदीवर आता एकच नाव आहे. माझं.

सरांकडे धावले. ते म्हणाले, मेघनाशी आत्ताच बोलणं झालं माझं. आपण कोण?

१३ नोव्हेंबर

स्टेशनच्या बाकावर लिहितेय.

घरी गेले. दाराला आतून साखळी. आई फटीतून म्हणाली, मेघना कधीच आली, जेवतेय. आणि आतून माझ्या आवाजात — कोण आहे गं, आई —

आईने विचारलं, हिचे बाबा हिला काय म्हणायचे, सांग. मी म्हटलं, भेंडी. काडीसारखी होते म्हणून. आई रडायलाच लागली. म्हणाली, हे तिने आधीच सांगितलंय, तू कुठून ऐकलंस. दार लावून घेतलं.

ती माझ्या आईच्या हातचं जेवतेय. माझी आई —

१४ नोव्हेंबर, दुपार

कोणाच्या तरी मागून आत घुसले. माझी खुर्ची रिकामी, ती आज घरीच राहिलीय. सर जेवायला गेलेत, कॉम्प्युटर उघडाच. नोंद समोर आहे.

पुसली तर दोघीही गेलो. आणि हॉस्पिटलं बंद —

जुनं नाव परत टाकलं तर ती करिश्मा होईल. आपल्या घरी जाईल. आईजवळ परकी बाई राहणार नाही.

माझं नाव कुठल्याच नोंदीवर उरणार नाही, मग माझं काय होईल ते कळतंय मला. खूप भीती वाटतेय.

ती चोर नाही. तिलाही घरीच जायचं होतं.

टाकलं.

सोनल आली. कोणाला भेटायचंय, विचारलं. मी काहीतरी सांगून बाहेर पडले.

आईला फोन लावला. रडत होती. घरात कोणीतरी बाई जेवत बसलेली म्हणाली, एकदम ताट टाकून आंबिवली, आंबिवली करत पळाली. म्हणाली, मी एकटीच आहे हो, आणि माझी मेघना कालपासून घरी आली नाही. तुम्ही तिच्या ऑफिसातल्या का? तुम्ही कोण बोलताय?

मी म्हटलं, आई, मी —