पलीकडची टेकडी

प्रिय लिफ्टवाल्या,

फोन न करता चक्क कागदावर लिहिते आहे, तेव्हा आधी खुर्ची ओढून नीट बस. महिना झाला, तू आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळात फिरकला नाहीस. विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, कामं फार आहेत. त्या शहरातल्या सगळ्या लिफ्ट एकाच महिन्यात बंद पडल्या की काय? मी मात्र रोज दुकानाचं शटर ओढलं की खेळातल्या आपल्या तळ्याकाठच्या झोपडीत जाऊन बसते. मासे पकडते, दोघांपुरते भाजते आणि तुझ्या वाटणीचेही खाऊन टाकते. तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही, हे एकदाचं सरळ सांगून टाकते.

आता बातमी. बाबांच्या चष्म्यांच्या दुकानातला आपला म्हातारा कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात धूर काढून बसला. तोच, ज्याच्यापाशी तू पहिल्यांदा मोडका चष्मा घेऊन आलास तेव्हा थांबला होतास. मी आत तुझ्या चष्म्याची काडी बसवत होते आणि तू मला न विचारता माझा अर्धवट सोडलेला खेळ पुढे खेळून त्यातली कोंबडी कोल्ह्यापासून वाचवलीस. बाबा म्हणाले, जाऊ दे, वय झालं होतं त्याचं. पण दुरुस्तीवाल्याने तो उघडला, पडद्यावर चित्र उमटवणारं आतलं जळकं ग्राफिक्स कार्ड माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, ताई, दिवसभर भिंगं घासून लोकांना स्वच्छ दाखवता आणि तुमच्याच कॉम्प्युटरला मोतीबिंदू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तसलं जुनं कार्ड आता मिळत नाही, म्हणून त्याने कुणाचं तरी वापरलेलं, पण चांगलं दणकट कार्ड बसवून दिलं.

आपलं जुनं भांडण आठवतंय ना? तू म्हणायचास, ग्राफिक्स चांगलं नसेल तर खेळात जीव रमत नाही. मी म्हणायचे, मजा खेळण्यात असते, चित्रात नसते. खेळातला तुझा चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ असली तरी तू थापा मारतोस ते मला कळतं. तेव्हा तुझ्याकडेही असलंच डबडं होतं. चार पावलांपलीकडे सगळं धुकं. तू जरा पुढे गेलास की दिसेनासा व्हायचास, मग मी हाका मारायचे आणि तू कुरकुरत परत यायचास. मला ते धुकं आवडायचं. त्याच्यामुळे तू जवळ राहायचास.

मग तुझी बदली झाली, तू नवीन मशीन घेतलंस आणि रोज मला वर्णनं ऐकवायला लागलास. तळ्यात ढग दिसतात म्हणे, वाऱ्याने गवत वाकतं म्हणे, संध्याकाळी पलीकडची टेकडी गुलाबी होते म्हणे. माझ्याकडे तळं म्हणजे निळी चादर, आणि टेकडी तर नव्हतीच. तू विचारलंस, तुला दिसतंय ना? मी कसली ऐकते, पडले तरी नाक वर. म्हटलं, दिसतं की, मीही सेटिंग वाढवलंय. भांडणात हरायचं नव्हतं, म्हणून एवढीशी थाप मारली. त्यानंतर तू ढगांचं बोललास की मी वा म्हणायचे आणि गवताचं बोललास की अहाहा.

आणि मागच्या महिन्यात झोपडीच्या दारात उभा राहून तू उगाचच घसा खाकरलास. म्हणालास, टेकडीवरचं बघितलंस ना, कसं वाटतं, यावंसं वाटतं का तुला? मला वाटलं, याचं पुन्हा सृष्टीसौंदर्य सुरू झालं. मी म्हटलं, छान आहे रे, पण एवढं चढायचं कुणी? मला आपली इथली झोपडीच बरी. तू नुसतं बरं म्हणालास. दुसऱ्या दिवसापासून तुझी कामं वाढली.

परवा नवीन कार्ड बसल्यावर मी खेळ सुरू केला आणि झोपडीचं दार उघडलं. धुकं नव्हतं. तळ्यात खरंच ढग होते. मी गळ न टाकता कितीतरी वेळ नुसती बघत बसले. बाबांना बोलावलं, तर त्यांनी चष्मा पुसून घेतला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, पाणी ओलं दिसतंय गं. भांडण तू जिंकलास, हे लेखी देते. मग मी मान वर केली आणि समोरच्या टेकडीवर घर दिसलं.

पळत गेले. टेकडीच्या पायथ्याशी दोरखंडाची लाकडी लिफ्ट. टेकडीला लिफ्ट लावणारा माणूस जगात एकच असेल, आणि मला चढण आवडत नाही हे त्यालाच ठाऊक. वर तळ्याकडे तोंड केलेली गोल खिडकी, अगदी चष्म्याच्या भिंगासारखी. अंगणात ती आपली कोंबडी. आत दोन खुर्च्या. दाराशी दोन खुंट्या, एकीवर तुझी टोपी आणि दुसरी रिकामी. मी हसले, मग रडले, मग परत हसले. बाबांनी बाहेरून विचारलं, हरलीस की काय? मी म्हटलं, नाही बाबा, बहुतेक जिंकले.

तर पत्र एवढ्यासाठी. त्या दिवशी मी जे उत्तर दिलं ते देखाव्याला दिलं होतं, घराला नाही. घर मला दिसलंच नव्हतं रे. तू काय विचारत होतास ते आता कळलं, आणि उत्तर हो आहे. खेळातही आणि बाहेरही. माझी माशांची टोपली दुसऱ्या खुंटीला अडकवून आले आहे. बाबांनाही सांगितलं, ते म्हणाले, आधी मुलाचा नंबर तपासू, मग पुढचं बोलू. रविवारी ये, तळ्यावर नको, इथे दुकानात. दोन ठिपके आणि एक रेघ मला पुरतात असं म्हणायचे ना मी? आता पुरत नाहीत. तुला समोर बसवून नीट बघायचं आहे.

तुझीच,
भिंगवाली