कापलेल्या फुग्यांची कैफियत

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे रक्तदाब सोडला तर माझी तब्येत उत्तम, आणि रक्तदाबाला कारण तुम्ही.

रागावू नका, आधी ऐका. आमच्या कॉलेजातली मुलं ओळ वाचतात, पण ओळीत काय दडलंय ते विचारलं की छताकडे बघतात. म्हणून मी ग्रंथालयात चित्रकथांचं कपाट मागितलं. प्राचार्य म्हणाले, "बाई, हे कॉलेज आहे, बालवाडी नाही." मीही तुमचीच भाची, रोज त्यांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसले (शिपायाने शेवटी चहा विचारणंही सोडलं) आणि एका सहामाहीपुरती परवानगी काढलीच. आता आमचा नियम असा, की जाड पुठ्ठ्यात बांधल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही, आणि बांधणी तर तुमच्याकडे. तुम्ही नेहमीसारख्या तिन्ही कडा सफाईने कापल्यात. अहो मामा, बोलण्याचे फुगे वरच्या कडेलाच होते! सगळी पात्रं तोंडं उघडून उभी, आणि बोलायला एक शब्द नाही.

नेमके पहिल्याच तासाला प्राचार्य येऊन बसले. कपाट राहणार की रद्दीत जाणार, ते त्याच तासावर ठरायचं होतं. म्हटलं, आता माघार नाही. ठणकावून सांगितलं, फुगे मुद्दाम कापून घेतलेत. चेहरा बघा, मागचं-पुढचं चित्र बघा आणि हा काय बोलत असेल ते लिहा. मुलं अशी तुटून पडली की कागद पुरेनात. एका प्रधानाच्या चित्रावर बहुतेकांनी लिहिलं, 'महाराज, मी तुमच्याशी एकनिष्ठ आहे.' तेव्हा आमची मौनीबाई (वर्षभर या मुलीचा आवाज कुणी ऐकला नव्हता) उठून म्हणाली, "म्हणतोय तेच, पण खोटं बोलतोय. कपाळावरचा घाम बघा ना!" मामा, मला भरून आलं. प्राचार्यांनी मात्र चित्र सोडून माझ्या कपाळाकडे बघितलं. मी रुमालाने पुसून घेतलं.

कपाट तूर्त राहिलंय. ते मी हलू देणार नाही, कुणी काहीही म्हणो. मामींना नमस्कार सांगा.

तुमची हट्टी भाची

ता. क. : फुगे कुणाच्या सांगण्यावरून कापले, हे प्राचार्य तुम्हाला फोन करून विचारणार आहेत. भाचीनं आधीच बजावलं होतं, असं बिनधास्त ठोकून द्या. कपाट आता तुमच्या हाती आहे.

ता. क. २ : कापलेल्या पट्ट्या टाकल्या नसतील तर पाठवा. मूळ वाक्यं काय होती ते मुलं विचारताहेत, आणि मी पुस्तकं न वाचताच तुमच्याकडे धाडली होती.

ता. क. ३ : जे बोलायचं ते फोनवरच. भेटायला बोलावलं तर गुडघ्याचं कारण सांगा. तुम्हाला घाम फार सुटतो, आणि मौनीबाई हल्ली पुस्तकापुरती थांबत नाही.