आहेराची विमानं

बाबा, काल दादाकडे जेवताना पुन्हा तुमच्या विमानांचा विषय निघाला. दादा आता म्हातारा झालाय. वायुदलातून सुखरूप निवृत्त झाला आणि नातवंडांना तीच गोष्ट दर वेळी तिखटमीठ लावून सांगतो.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हा. तुम्ही सक्करदऱ्याच्या घरून सायकलनं विमानतळावरच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये जायचात. घरचा हातमाग आजोबांबरोबरच संपला, पण कापडानं काही तुमची पाठ सोडली नाही, कारण वायुदलाच्या त्या शिकाऊ विमानांचे पंखही कापडाचेच होते. शेडचे प्रमुख झालात तरी शिवण स्वतः ओढून बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसे. एका मित्रदेशानं अशी चार विमानं मागितली. दिल्लीचे साहेब आले आणि म्हणाले, जुनीच रंग मारून देऊन टाकू, तुम्ही उडायला योग्य म्हणून सही करा. तुम्ही म्हणालात, द्यायची तर दुरुस्तीनंतर अजून न उडवलेली द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. त्यांनी तुम्हाला रात्रभर विचार करायला सांगितलं.

संध्याकाळी आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय. "घडी मोडलेलं लुगडं कोनी आहेरात देते का?" तुम्ही म्हणता. आपल्या कोष्ट्यांच्या घरात एकदा नेसलेलं लुगडं आहेर म्हणून देणं ही देणाऱ्याचीच लाज. पण दादा तेव्हा याच विमानांवर उडायला शिकत होता, आणि आईला तेवढंच दिसत होतं.

"पाव्हन्याले चांगलं अन् घरच्या पोराले जुनं, हे काहून जी?" ती म्हणते. "आपला पोरगा पडला त तो देश येनार हाये काय?"

तुम्ही हळूच म्हणता, "त्यायचेही पोरंच बसतीन ना वं त्याच्यात."

त्या दिवशी भाकरी करपली आणि तुम्ही ती तशीच खाल्लीत.

चांगली चार गेली. जुन्यांना तुम्ही नवं कापड चढवलंत, आणि दादाच्या उड्डाणशाळेत पाठवण्याआधी प्रत्येकात मागच्या सीटवर बसून स्वतः फेरी मारून आलात. झोपाळ्यावरही भीतीनं डोळे मिटून घेणारा माणूस तो! घरी यायचात ते पांढरेफटक पडून, आणि आई लिंबूपाणी घेऊन दारात उभी. राग गेला नव्हता, पण पाणी चुकवलं नाही तिनं. किती आवडायचात तुम्ही मला तेव्हा. बापाची छाती काय असते ते मी तिथं पाहिलं.

काल दादाच्या नातीनं विचारलं, "आजी, तू पणजोबांच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" मी म्हणाले, माझ्या बाबांनी केलं तेच.

खोटं बोलले, बाबा. मी जुनीच दिली असती, वर रंगही चांगला मारला असता. तुम्ही आज समोर असतात, तरी हा कागद मी तुमच्या हाती पडू दिला नसता.