बद्द आवाज

वेसावे कोळीवाडा, अंधेरी

प्रिय नमू बाय,

फोन सोडून बाबांनी कागद का घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. दोन वाक्यं झाली की 'असू दे हो बाबा' म्हणतेस आणि मीही सुटलो म्हणून गप्प बसतो. कागद मध्येच तोंड घालत नाही. अक्षर सातवी पास माणसाचं आहे, सांभाळून घे.

तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण पाटी घेऊन बाजारात जायचं काही सोडत नाही. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावले नाहीत तर तिला जेवण जात नाही. तुझ्या वाटणीचं सुकट वेगळं काढून ठेवलंय. मी काम कमी केलंय. बोटींचं फायबर घासलं की आता खोकला येतो. तरी कुणी जुनी बोट घ्यायला निघालं की अजून मलाच बोलावतात. हरेश्वरने लाकडी मोगरी मारून, आवाज ऐकून सांगितलं की झालं, पुढे कुणी काही विचारत नाही. पूर्वी हे ऐकून छाती फुगायची. गेली चार वर्षं लाज वाटते. का, तेच सांगायला बसलोय. पण मला एकदम तिथे जाता येत नाही, थोडा धीर धर.

तुझ्या मैत्रिणीच्या, दर्शनाच्या, विक्रोळीच्या नव्या घरात तू मला सगळ्यांसमोर लाद्या वाजवून बघायला लावल्यास, आठवतं? स्वयंपाकघरातल्या सहा लाद्या बद्द वाजल्या, खालून पोकळ होत्या. बिल्डरचा माणूस कानकोंडा झाला. तू हसून म्हणालीस, आमच्या बाबांचा कान कधी चुकत नाही. सगळे हसले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ बाहेरच आलो नाही. तू नंतर विचारलंस, बरं वाटत नाही का. मी म्हणालो, ॲसिडिटी.

तुला साकीनाक्याच्या ऑफिसला जायला इथून मेट्रो सरळ आहे. तरी तू मुलुंडला खोली घेतलीस, ऑफिसला बरं पडतं म्हणालीस. मुंबईचा नकाशा मलाही कळतो गं. पण विचारलं नाही. समुद्राचा वास नको झाला असेल तुला, असं समजलो, आणि त्याला कारण मी, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

भाऊरावांची शिडाची बोट आठवते ना? मनोरीच्या खाडीत उभी असायची, सव्वीस फुटांची, पांढरी, निळ्या पट्ट्याची. तिच्याआधी दोन वर्षं तू बोटी बघत होतीस. वही घेऊन फिरायचीस. दोघींना शीड आवरेल इतकीच लांब हवी. जुनी चालेल, उलट जुनीच बरी, तेव्हा फायबर जाड घालायचे. खालचा कणा जड हवा, म्हणजे लाटेने आडवी केली तरी आपण होऊन उठेल. इंजिन खाडीतून आत-बाहेर करण्यापुरतं. आणि तुझ्या पगारात बसेल अशी. आधी दर्शनाला घेऊन गोवा, मग लक्षद्वीप. कोळीवाड्यात लोक हसले. इंजिनाच्या जमान्यात हरेश्वरची पोरगी शीड शोधते म्हणून. मी हसलो नाही. शीड का, ते मला माहीत होतं. आपल्या दिपेशचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं. वारा मात्र भरपूर होता त्या दिवशी, पण त्याच्या बोटीवर शीड नव्हतं.

दिपेशची बोटही जुनीच घेतलेली, आणि तीही मीच वाजवली होती. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक वीत सोडली नव्हती. खणखणीत निघाली. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, घे डोळे झाकून. बोट चार दिवसांनी सापडली. कुठे तडा नाही, कुठे भोक नाही. लोक म्हणाले, हरेश्वरचा कान खरा. तुझा भाऊ सापडला नाही आणि लोक माझ्या कानाचं कौतुक करत होते.

मग तू मला मनोरीला घेऊन गेलीस. भाऊरावांनी आयुष्यभर मोठ्या जहाजांवर नोकरी केलेली, पण त्या छोट्या बोटीवर पोटच्या पोरीसारखी माया. नावं ठेवायला जागा नव्हती. कण्याचे बोल्ट स्वच्छ, सुकाणू जराही हलत नव्हतं, डोलकाठीच्या तारा नव्या. मग मी डेक वाजवायला घेतलं. तिथे फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड असतं. पाणी आत गेलं की ते कुजतं आणि आवाज बद्द येतो. मी मोगरी मारत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी टणटण आवाज. डोलकाठीच्या बुडाशी पोचलो. तू टॉर्च धरून उभी होतीस. बोटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होतीस. दिपेश असाच बघत होता. मी मोगरी मारली, टण वाजलं, आणि मी म्हणालो, इथे बद्द वाजतंय, डेक आतून भिजलंय, भर वाऱ्यात डोलकाठी उखडेल.

खोटं बोललो, नमू. आईने मला शपथ घातली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. आवाज तुझ्याही कानावर पडला होता, पण तू स्वतःच्या कानापेक्षा बाबाचं ऐकलंस. वही मिटलीस, भाऊरावांचे आभार मानलेस, आणि येताना बोरिवलीला मला उसाचा रस पाजलास. म्हणालीस, बाबा, वाचवलंत. एकदा खरं बोललो तर पोरगा गेला. एकदा खोटं बोललो तर पोरगी घरी राहिली. मी यातून काय शिकायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

भाऊराव प्रामाणिक माणूस. पुढे जो कुणी बोट बघायला आला, त्याला ते आपणहून सांगत राहिले की हरेश्वरने डेक भिजलेलं सांगितलंय. मग कोण घेणार? त्यांचंही मन उडालं. ताडपत्री फाटली ती बदलली नाही, डेकच्या फटी भरल्या नाहीत. चार पावसाळे तिने तसेच अंगावर काढले. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं, बोट तोडायची होती. मी डोलकाठीच्या बुडाशी मोगरी मारली. बद्द. पाय ठेवला तर खचला. भाऊराव म्हणाले, काय कान आहे रे तुझा, तू तेव्हाच ओळखलं होतंस. त्यांनी चहा दिला. मी तो प्यायलो. मग करवत लागली, ती मला बघवली नाही. सुकाणू तेवढं मागून आणलंय, दाराआड उभं आहे. हे इथे कशाला, एवढंच आईने विचारलं. मग तिनेच त्यावर जुना टॉवेल घातला.

मी हे पोटातच ठेवून मेलो असतो. पण रविवारी तुझा फोन आला. कारवारला एक जुनी शिडाची बोट मिळतेय, दर्शना सुट्टी काढतेय, आणि बाबा, तुम्ही वाजवल्याशिवाय मी टोकन देणार नाही. किती खुशीत होतीस! चार वर्षांत तुझा असा आवाज ऐकला नव्हता. मी हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि हा कागद शोधायला लागलो. कारण कारवारलाही तू टॉर्च घेऊन माझ्या तोंडाकडे बघशील, आणि मी पुन्हा बद्द म्हणेन. मला माझी खात्री नाही, बाय. म्हणून या पत्रासोबत मोगरी पाठवतोय. दांडा माझ्या मुठीने झिजलाय, तुझ्या हाताला सुरुवातीला लागेल. जोरात मारायची नाही, मनगट सैल ठेवायचं. हे वाचून मला बोलवावंसं वाटलं नाही तर बोलवू नकोस, तो तुझा हक्क आहे. बोलावलंस तर येईन. टॉर्च मी धरीन, मोगरी तू मार. मी तोंड उघडणार नाही. आवाज कसा आला ते तू मला सांग.

तुझाच,
बाबा